म्हशीच्या खुंट्यावरचा पंखा

"हे सांगून कोणी खरं मानत नाही, म्हणून मी सांगतच नसतो," असं म्हणून उकंडा वायरमन जी गोष्ट सुरू करायचा, ती फुलसावंगीच्या बसस्टँडसमोर शामच्या हॉटेलात बसणाऱ्या प्रत्येकानं निदान पाच वेळा ऐकलेली असायची. एकदा म्हणे खांबावर चढताना त्याला वरून उतरणारी घोरपड भेटली आणि तिनं अंग चोरून त्याला वाट दिली. एकदा म्हणे ढाणकीच्या एका लग्नात नवरदेवाच्या घड्याळावर त्यानं अख्खा मांडव उजळला होता. आणि एका घरचा पंखा म्हणे म्हशीच्या मुतावर चालायचा. म्हैस मुतली की पंखा जोरात, मूत वाळलं की पंखा मंद.

या शेवटच्या गोष्टीला लोक सगळ्यात जास्त हसायचे. गंमत अशी, की उकंडाच्या सगळ्या गोष्टींत तेवढी एकच खरी होती. खोटं तिच्यात मागून शिरलं. कुठून शिरलं, ते ओघानं येईलच.

उकंडाचं वय अठ्ठावन्न. अंगानं काटकुळा, पण तळहात असे की त्यांच्यावर विडी विझवता यावी. तीस वर्षं त्यानं गावातल्या घरांत बोर्ड बसवले, मोटारी उतरवल्या, मांडवाच्या माळा टांगल्या. तारेचा सांधा त्यानं बांधला की त्यावर टेप नसायची. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर पट्टी कापून तो ती ताणून गुंडाळायचा आणि शेवटचं टोक आत खोचायचा. "टेप दोन उन्हाळ्यात सुटते. ट्यूब माह्यासंगं मसणात येईन," म्हणायचा. ती काळी पट्टी दिसली, की शेंबडं पोरही सांगायचं, हे उकंडाचं काम.

दोन वर्षांपूर्वी संघदीपनं आयटीआय करून चौकात दुकान टाकलं. त्याच्याकडं हातमोजे होते, मीटर होतं, दर लिहिलेला फलक होता. तो एकदा सहज म्हणाला, "काका, अर्थिंगशिवाय घरं कायले सोडता? एखाद्या दिवशी कोणाचा जीव जाईन."

उकंडानं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तीस वर्षांत माह्या हातानं चिमणीलेही झटका बसला नाही, बापू. तू तुहं मीटर पाह्य."

हे वाक्य त्याला इतकं आवडलं की पुढं तो ते रोज बोलू लागला.

वैशाखात एका दुपारी वादळ आलं. पाऊस नाही, नुसती धूळ. पंधरा मिनिटांत पत्रे उडाले, बाभळी आडव्या झाल्या आणि खांब वाकले. वादळ गेल्यावर ऊन पुन्हा जसंच्या तसं. उकंडा एका मांडवातल्या तुटलेल्या माळा गोळा करत होता, तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"उकंडा, असशील तिथून नीघ. सुमेधाला दम लागलाय."

फोन पुंडलिकरावांचा. शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. गावात त्यांना सगळे साहेब म्हणत. सुमेधाताई त्यांची बायको, जुनी दम्याची. उकंडा सायकल मारत पोचला तेव्हा ताई पलंगाच्या काठावर दोन्ही हात टेकून बसल्या होत्या. गळ्याची खळी आत-बाहेर होत होती. वाफेचं मशीन उशाशी, त्याचा मास्क मांडीवर. पुंडलिकराव पुठ्ठ्यानं वारा घालत होते आणि एका हातानं स्वतःचाच घाम पुसत होते.

"शेजारी लाईट आहे. आमच्याकडंच नाही."

उकंडानं बोर्ड उघडला. टेस्टर एका भोकात घातला, पेटला. दुसऱ्या भोकात घातला, तोही पेटला.

"दोन्हीकडं आहे म्हणजे लाईट आहे ना?" पुंडलिकराव म्हणाले.

"आली साहेब, पण तिले वापस जायले रस्ता नाही. न्यूटल तुटला खांबावर."

लाइनमनला फोन लावला. तो दम खात बोलत होता. अकरा खांब पडलेत, घराकडं येणाऱ्या वायरचा नंबर चार दिवसांनी. आणि डीपीवरून गल्लीची लाईन बंद केल्याशिवाय खांबाला हात लावायची आगळीक उकंडाही करत नसे, गप्पांत सोडून.

ताईंच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला.

परतीचा रस्ता जमिनीतूनही देता येतो, हे उकंडाला ठाऊक होतं. जमिनीत खोल लोखंड पाहिजे, ओल पाहिजे, मीठ असलं तर आणखी चांगलं. तो मागच्या दारानं अंगणात गेला. अंगण फरशीचं. पिशवीत सळई नाही. त्यानं भिंतीवरून डोकं काढून पलीकडं पाहिलं.

पलीकडं रुपीबाईचा गोठा, रिकामा. तिचा हातपंप कोरडा पडला म्हणून ती महिनाभरापूर्वी म्हैस घेऊन तांड्यावर भावाकडं गेली होती. आणि गोठ्यात, भिंतीपासून तीन हातांवर, खुंटा. तो साधा खुंटा नव्हता. जुन्या बैलबंडीच्या चाकांमधला मोडका लोखंडी आख होता तो, रुपीबाईच्या नवऱ्यानं मांडीइतका जमिनीत ठोकलेला.

उकंडानं भिंतीतल्या मोरीच्या भोकातून तार काढली, उडी मारून पलीकडं गेला, आखाचं बूड हातभर उकरलं, गंज कानशीनं घासला, तार सात वेढे घालून पिळली, वर ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली आणि टोक आत खोचलं. कोणाच्या पायात येऊ नये म्हणून तारेवर माती ओढली. पुंडलिकरावांकडून मूठभर मीठ आणि बादलीभर पाणी मागून घेतलं आणि बुडाशी ओतलं.

आत पंखा आळस दिल्यासारखा हलला आणि फिरू लागला. मशीन गुरगुरलं. सुमेधाताईंनी मास्क लावला. दहा मिनिटांनी त्यांचे खांदे खाली आले.

"पंखा अन् मशीन, बस," उकंडा म्हणाला. "कूलर लावाचा नाही. रोज पलीकडं बादलीभर पाणी टाकाचं. चार दिवसांचं काम आहे."

ताई मास्कच्या आतून काहीतरी म्हणाल्या. त्यांनी हात जोडलेले दिसले, म्हणून उकंडानं मान हलवली.

चार दिवस गेले आणि लाइनमन आलाही. दारात उभा राहून त्यानं विचारलं, "साहेब, लाईट आहे का?"

पंखा फिरत होता. पुंडलिकरावांनी आयुष्यभर खोटी नोंद केली नव्हती. "आहे," म्हणाले. लाइनमननं तक्रार मिटली असं लिहिलं आणि गेला.

उकंडाला यातलं काही कळलं नाही. लग्नाची दाट तिथी होती. सकाळी मांडव, दुपारी कोणाचा कूलर, संध्याकाळी कोणाच्या विहिरीतली मोटार. पायऱ्यांची शिडी खांद्यावर घेऊन त्याच्या मानेला काळी गादी पडली होती. ऊन एवढं, की पक्कड पोत्याच्या चिंधीत धरावी लागे. पुंडलिकरावांचं काम त्याच्या डोक्यातून गेलं, जसं झालेलं काम जातं.

तीन आठवड्यांनी साहेबांचा पुन्हा फोन.

"तक्रार नाही रे. पण पंखा विचित्र वागतो. एकाएकी जोरात फिरतो, मग हळूहळू मंदावतो. मी नोंद ठेवली आहे."

त्यांनी खरंच नोंद ठेवली होती. शाळेच्या जुन्या वहीत रकाने आखून. सकाळी सहा वाजून दहा, जोरात. साडेनऊ, मध्यम. दुपारी एक वाजून वीस, फार जोरात, कॅलेंडर उडाले. उकंडानं चष्मा वर करून वही वाचली. त्याला काही उमगेना.

"आणि पंखा जोरात असला की मी कूलरही लावून घेतो," पुंडलिकराव म्हणाले. "सुमेधाला बरं पडतं."

"कूलर लावाचा नाही म्हनलं होतं ना, साहेब?"

"चालतो ना पण. आता तर पलीकडं पाणीही टाकावं लागत नाही."

तेवढ्यात भिंतीपलीकडं धो धो आवाज झाला, मोठ्या भांड्यातून पाणी ओतावं तसा. डोक्यावरचा पंखा उचलल्यासारखा झाला आणि सपासप फिरू लागला. पुंडलिकरावांनी घड्याळ पाहून पेन काढलं.

पलीकडून म्हैस ओरडली. खूर आपटले. पत्र्याचं काहीतरी पडलं. आणि एका बाईचा आवाज आला, "मेले, उभी राह्य ना वं!"

उकंडाच्या हातातली वही तशीच राहिली. पहिल्यांदा त्याला हसू आलं. मीठही त्यात, ओलही त्यात. एवढी पक्की अर्थिंग तीस वर्षांत त्यानं कोणाला दिली नव्हती. मग हसू खाली गेलं. खुंट्यातून ओल्या जमिनीत उतरणारी लाईट म्हशीच्या पायांतून जात होती.

"रुपीबाई वापस कधी आली?"

"झाले पंधरा दिवस. टँकर सुरू झाला ना."

तो गल्ली वळून रुपीबाईच्या दारात गेला. रुपीबाई उकिडवी बसली होती, लुगड्याची किनार दुधानं भिजलेली. चरवी आडवी, दूध शेणात. भेगाळलेल्या टाचांमुळं ती घरातही रबरी चपला घालायची, म्हणून तिला स्वतःला काही कळलं नव्हतं. म्हैस दावं ताणून, खुंट्यापासून जमेल तेवढी लांब उभी होती. चारही पाय जवळ घेतलेले, शेळी दगडावर उभी राहते तशी. मांड्या थरथरत होत्या.

"ये उकंडाभाऊ. पाह्य माह्या घरची दशा."

"काय झालं?"

"बिघडली. तांड्यावर सुधी होती. अथी आणली अन् अंगात आल्यावाणी करते. दूध चोरते. लाथ मारते. मुताले भेते, भाऊ! सांग, कोणती म्हैस मुताले भेते? डॉक्टर आणला, तो म्हने काही नाही. लिंबं बांधली, देवळात नारळ बोलली. लोक म्हन्तात, नवऱ्यानं ठोकलेल्या खुंट्यावर कोणाची तरी नजर हाय."

उकंडानं खुंट्याकडं एकदाच पाहिलं. बुडाची माती ओली, काळी होती.

"मंग?"

"मंग काय. परवा सकाळी सेवादास गाडी घेऊन येते. ढाणकीच्या बाजारात देऊन टाकतो. लाथाड म्हैस कोण घेईन? खाटीक घेईन." तिनं चरवी उचलून फुटली का ते पाहिलं. "हिच्याच दुधावर घर हाय माहं. शामच्या हॉटेलात घालते तेवढंच."

उकंडाचं तोंड उघडलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या पाठीमागं संघदीप उभा होता, शामचं हॉटेल उभं होतं आणि ती चिमणी बसली होती.

"पाहू," म्हणून तो बाहेर पडला.

तार कापणं एका मिनिटाचं होतं. पण कापली की सुमेधाताईंचं मशीन बंद. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सब्बल घेऊन पुंडलिकरावांकडं गेला. अंगणाच्या कोपऱ्यातल्या दोन फरश्या काढल्या आणि खड्डा खणू लागला.

"हे कशाला?" पुंडलिकराव.

"पक्कं काम करून देतो, साहेब."

"आहे ते चांगलं चाललंय की."

उकंडा खणत राहिला. वीतभर माती, मग मुरूम. सब्बल आपटली की दणका खांद्यापर्यंत यायचा. अकरा वाजेपर्यंत कोपरभर खड्डा झाला. तळहाताच्या जुन्या घट्ट्यांखाली नवे फोड आले आणि फुटले. त्यानं त्यात कोळसा घातला, मीठ घातलं, सळई ठोकली, टाकीतलं चार बादल्या पाणी ओतलं. मुरुमानं पाणी गिळलं आणि पुन्हा कोरडा झाला. खुंट्याची काढून नवी तार जोडली. पंखा एक वळसा घेऊन थांबला. जुनी परत जोडली, तशी पलीकडं म्हैस कण्हली.

तो भिंतीला टेकून बसला. सुमेधाताईंनी ताकाचा पेला आणून ठेवला.

"दमलात, उकंडाभाऊ."

"वय झालं, ताई."

"काही लपवताय का? कालपासून तुम्ही एकही थाप मारली नाही."

उकंडानं ताक एका दमात घेतलं आणि उठला. मिशीला ताक तसंच ठेवून, तो लाइनमनच्या घरी गेला. लाइनमन बनियनवर भाताचं ताट पुढं घेऊन बसला होता. उकंडानं त्याच्यासमोर जमिनीवर बैठक मारली. अशी मारली, की भात संपला तरी उठला नाही. गावात उकंडा कोणाला हात जोडत नसे. त्या दिवशी जोडले.

"तक्रार मिटली ना पण त्यांची," लाइनमन म्हणाला.

"नवीन लिहून घे. पण उद्या सकाळी आठच्या आत न्यूटल जोडून पाह्यजे."

"एवढी काय आग लागली?"

"लागली समज."

दुसऱ्या दिवशी साडेसातला डीपी बंद झाली. लाइनमन खांबावर, उकंडा खाली दोरी धरून. वरून घामाचे थेंब त्याच्या मानेवर पडत होते. गल्लीच्या तोंडाशी पिकअप गाडी वळली. पुढं सेवादास, रुपीबाईचा भाऊ, डोक्याला उपरणं.

"आवर बे," उकंडा वर पाहून म्हणाला.

"हातच आहेत, पंख नाहीत."

डीपी चालू झाली. उकंडा घरात धावला, बोर्डातून खुंट्याची तार ओढून काढली, खांबाकडून आलेली जोडली, टेस्टर दोन्ही भोकांत घातला. एकातच पेटला. त्यानं काढलेल्या तारेचं टोक मोरीत सारलं आणि गल्लीला वळसा घालून पळाला.

गाडीचं फाळकं उघडलेलं होतं. फळी लावलेली. सेवादास पुढून दावं ओढत होता, आणखी एक जण मागून शेपूट पिळत होता. म्हैस पुढचे पाय फळीवर टेकवून अडली होती. रुपीबाई दाराशी पाठ फिरवून उभी होती.

"थांबा!" उकंडा ओरडला. श्वास पुरत नव्हता. "खाली घ्या तिले."

"काहून?" सेवादास म्हणाला.

आता खरं बोलायची वेळ होती, आणि उकंडानं तोंडही त्यासाठीच उघडलं होतं. पण इतक्या वर्षांची जीभ. ती आपल्या वाटेनं गेली.

"राती मले दिसलं," तो म्हणाला. "खुंट्यात काहीतरी बसेल हाय. म्हशीत काही नाही. लिंबू आणा, सब्बल आणा, अन् कोणी जवळ येऊ नोका."

रुपीबाई वळली. "तुले यातलं कळते?"

"वायरमनले न दिसणारंच कळते, बाई."

लिंबू आलं. त्यानं ते सात वेळा ओवाळलं, आकडे उलटे मोजत. मग चपला काढल्या आणि अनवाणी पायानं त्या ओल्या जागेत उभा राहिला. काही होणार नाही हे माहीत होतं, तरी पिंडऱ्या आखडल्या. सब्बलीनं आखाभोवती खणलं, हलवलं, पुन्हा खणलं. कालचे फोड सोलून निघाले. आख निघत नव्हता. शेवटी तो त्याला मिठी मारून बसला आणि उपटला. बुडाला चिखलाचा गोळा होता. भिंतीकडं जाणारी तार त्यानं पाठीआड पकडीनं तोडली आणि उरलेली मोरीच्या भोकात खुपसली. आख उकिरड्यावर फेकला.

गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, कोरड्या जागी, लाकडी मेख ठोकली. म्हैस आणून बांधली. तिनं एक पाय टेकवला. वास घेतला. दुसरा टेकवला. सेवादास विडी पेटवायची विसरला.

मग म्हशीनं पाय फाकवले, शेपूट बाजूला केली आणि मनासारखी, लांबलचक मुतली. काही झालं नाही. भिंतीपलीकडं पुंडलिकरावांचा पंखा होता त्याच चालीनं फिरत राहिला.

"चरवी आण," उकंडा म्हणाला.

सेवादासनं फळी काढून गाडीत टाकली.

गोष्ट गावात पसरायला दोन चहा लागले. आठ दिवसांत उकंडाला पाच ठिकाणांहून बोलावणं आलं. दोन ठिकाणी मोटार बिघडली होती, तीन ठिकाणी गाय. संघदीपही हसून म्हणाला, "काका, हे आमच्या आयटीआयत नव्हतं." आणि शामच्या हॉटेलात उकंडाची गोष्ट रोज थोडी वाढू लागली. आधी खुंट्यातून धूर निघाला. मग आवाज निघाला. मग आवाजानं उकंडाचं नाव घेतलं. म्हशीच्या मुतावर चालणारा पंखा तो मध्येच, हसवण्यापुरता घालायचा. तेवढंच खरं होतं आणि तेवढंच कोणी मानत नव्हतं.

रुपीबाई रोज सकाळी दुधाचा कॅन घेऊन हॉटेलात यायची. दूध मोजून होईपर्यंत कडेला उभी राहून ऐकायची. पंधरा दिवस ऐकलं.

त्या सकाळी हॉटेल भरलेलं होतं. पुंडलिकराव वर्तमानपत्र वाचत होते, संघदीप पोहे खात होता. उकंडा रंगात आला होता.

"मी आखाले मिठी मारली. आतून म्हनते कसा, सोड मले उकंडा! म्हनलं, तुले तीस वर्षांपासून ओळखतो मी, अन् तू मले नाही ओळखत? हे कोणी खरं मानणार नाही, पण नजर अशी होती, अशी होती, का…"

"नजर कायच्या रंगाची होती, भाऊ?"

रुपीबाईनं कॅन खाली ठेवला होता. तिच्या दुसऱ्या हातात पोतं होतं. तिनं ते टेबलावर उलटं केलं. बंडीचा आख दणकन पडला, बशा उडाल्या. बुडाचा चिखल वाळून गळून गेला होता. लोखंडावर तारेचे सात वेढे होते आणि वेढ्यांवर सायकलच्या ट्यूबची काळी पट्टी, ताणून गुंडाळलेली, टोक आत खोचलेलं.

संघदीपचा चमचा थांबला. पुंडलिकरावांनी वर्तमानपत्र खाली घेतलं आणि वाकून पट्टी पाहिली.

"काळी होती," रुपीबाई म्हणाली. "पंधरा दिवस झाले, उकिरड्यावर सापडली मले. पाहू म्हनलं, कवा खरं बोलते." तिनं रिकामा कॅन उचलला. "तीस वर्षांत माह्या हातानं चिमणीले झटका बसला नाही, म्हनत असतो ना तू? खरंच हाय, उकंडाभाऊ. चिमणीले नाही बसला."